बाबांच्या गोळ्या, माझी लँग्वेज

३ मार्च
ताईची बदली झाली. बाबांच्या गोळ्यांचं खातं आता माझ्याकडे. जाताना म्हणाली, "पाकिटावर वेळ लिहिलीये. डोकं लावू नकोस, नुसत्या दे." डोकं लावायचं नाही तर इंजिनिअर कशाला झालो? प्रोग्रॅम लिहिणार. कुठली गोळी कधी, कुठली कशाबरोबर चालत नाही, सगळं मोबाइल सांगेल. फक्त कम्प्युटरची कुठली लँग्वेज वापरायची, ते ठरायचंय.

५ मार्च
ठरलं. प्रोलॉग. आपण नुसते नियम सांगायचे, उत्तर ती स्वतः शोधते. म्हणजे अर्धं काम झालंच. औषधांची नावं लांबलचक, टाइप कोण करणार? गोळ्या पाकिटांतून काढून बरण्यांत भरल्या, नंबर टाकले. पाकिटं फेकली. आईकडून नंबर पाठ करून घेतले. कोड अजून शून्य, पण पाया पक्का.

९ मार्च, सकाळ
प्रोलॉग कॅन्सल. ऑफिसातला दाढीवाला म्हणाला, "ते आता कोण शिकतं रे? हॅस्केल शीक. एकदा कम्पाइल झालं की चुकायचं नावच नाही." पटलं. बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे.

संध्याकाळ
हॅस्केलला शिस्त लागते. सकाळच्या गोळ्या आधी, रात्रीच्या नंतर. बरण्यांचे नंबर नव्याने टाकले. फार छान दिसतंय. आईला नवे नंबर सांगायचेत.

११ मार्च
हॅस्केलमध्ये मोनॅड नावाचं एक प्रकरण आहे. ज्याला कळतं त्याला सांगता येत नाही म्हणे. मला सांगता येईल असं वाटतंय, कळलं की.
बाबांना घाम फुटतोय, हात थरथरतायत. आई म्हणाली, "धड जेवत नाही तुम्ही." मलाही तेच वाटतं.

१२ मार्च
बाबा बाथरूमच्या दारात पडले. शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, शुगरची गोळी किती वेळा देता? आई म्हणाली, "सकाळी एकदाच. आणि दोन नंबरची, ॲसिडिटीची, दोन्ही जेवणांआधी."
दोन नंबर आता शुगरची आहे.
डॉक्टरांनी मला औषधांची नावं विचारली. मला नंबरच येत होते.
प्रोग्रॅम तयार असता तर ही चूक पकडली गेली असती. म्हणजे हॅस्केलचा निर्णय बरोबरच होता.

१९ मार्च
बाबा घरी आले. मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही, म्हणून शब्द सापडत नाहीत. ताई रजा घेऊन आलीये. बरण्या कचऱ्यात, नवी पाकिटं कपाटात. मी सांगितलं, तिसरी एक लँग्वेज आहे, दोन्हींतलं चांगलं तेवढं घेतलेलं. ती म्हणाली, "जेवून घे."

२१ मार्च
दुपारची गोळी मीच घेऊन गेलो. पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं होतं. बाबांनी ओठ घट्ट मिटले. आई आली, माझ्या हातातली गोळी काढून घेतली, पाकिटातून दुसरी आणली. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. शब्द शोधायला खूप वेळ लागला.
"यानं... हात?"
"नाही हो," आई म्हणाली. "नाही लावला."
मग त्यांनी तोंड उघडलं.