आठवण म्हणून नेलेलं लुगडं

अकोले, मंगळवार, १२ जानेवारी १९७१

नुसता संताप झालाय. वन्सं आज सासरी परतल्या, आणि जाताना ट्रंकेतलं सासूबाईंचं शेवटचं जुनं लुगडं घेऊन गेल्या. आईची आठवण म्हणे! अंथरुणात लघवी झाली की सासूबाईंच्या खाली आता काय घालू? तेवढंच मऊ उरलं होतं. बाकीची फाडून वापरली, धुऊन धुऊन विरली. इतके दिवस राहिल्या, एकदा तरी आईचं ओलं बदललं? नवं कोरं लुगडं आणलं, ते शेजारणींना दिसेल असं उशाशी ठेवलं. खळीनं खरखरीत, आणि इथं पाठ आधीच सोललेली.

लुगडं नेल्याचं सांगितलं तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "आठवन कशाला? मी हाय की आजून."

ते नवं लुगडं खळ निघायला भिजत घातलंय. उद्या फाडणार.