टिंब नसलेला डबा

॥ श्री ॥
सरावली, ४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुगंधा हिस नवशादादाचे अ. उ. आ.

देवाच्या कृपेने आम्ही खुशाल. तुमच्या घरातला फोन सूनबाईंच्या हाती, म्हणून पत्र. मुलांचे जुने शाळेचे डबे जमवायचा माझा नाद तुला ठाऊकच आहे. आता एकशे बारा झाले. तुझी वहिनी म्हणते, भाजी एक आणि डबे शंभर.

रविवारी उमरोळीच्या भंगारवाल्याकडे जर्मनचा चपटा डबा दिसला. झाकण पुसलं, तर बाबांनी खिळ्याने कोरलेलं ‘सुगधा’! टिंब द्यायचं राहिलेलं. तिसरीत तू हरवलास तोच. जिला डबा सांभाळता येत नाय तिला बुकं कसली, म्हणून बाबांनी तुझी शाळा सोडवली. किती रडलीस! अजून सही टिंबाशिवायच करतेस ना?

बालदिनाला इथल्या शाळेत माझ्या डब्यांचं प्रदर्शन आहे. जरूर ये. दाजींना नमस्कार.

माया आहे तशी राहू दे.
तुझा नवशादादा


मासवण, १० ऑक्टोबर

ती. नवशादादास सा. न. वि. वि.

पत्र मोठ्या नातीकडून चार वेळा वाचून घेतलं, हेही तीच लिहिते. सही तशीच करते. नाव मी त्या डब्यावरूनच गिरवलं, दुसरं कुठून शिकणार?

दादा, डबा मी हरवला नव्हता. वर्गातल्या खुंटीला टांगला होता, मधल्या सुट्टीत नव्हता. बाबांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. आता अर्चनाही हसते, आमच्या सासूबायनी डबा नाय, शाळाच हरवली म्हणते. नातवंडांसमोर म्हणते.

तो डबा मला द्या. आणि अर्चनाला दोन ओळी लिहा, की मी हरवला नाही. तुमचं ती मानेल. एवढंच मागते.

वहिनींना नमस्कार. लहान बहिणीवर लोभ असावा.
सुगधा


॥ श्री ॥
सरावली, १८ ऑक्टोबर

चि. सौ. सुगंधा हिस अ. उ. आ.

विषय काढलासच तर लपवत नाही. डबा खुंटीवरून मीच काढला. तेव्हा गारेगारवाला भंगार घेऊन बर्फाची कांडी देई. लाल कांडी होती. बाबा तुला मारत होते तेव्हा माझी जीभही लालच होती, म्हणून तोंड उघडलं नाही. देवापुढे मी हे कधीच कबूल केलं आहे, मन स्वच्छ आहे. तूही मनात ठेवू नकोस.

अर्चनाला मात्र लिहीत नाही. सुनेपुढे माझा मान जाईल, तुझं काय जायचं राहिलंय? डबाही देता येणार नाही. चुकलेल्या नावाचा तो एकच आहे, मुलं पोट धरून हसतील. खाली चिठ्ठी लावतो : ‘एका वेंधळ्या मुलीने हरवलेला डबा’. नाव तुझंच, पण कोणाला कळणार?

भाऊबीजेला येतो. तांदळाच्या भाकरी कर.

ओवाळणाऱ्या हातांची माया असू दे.
तुझा नवशादादा


मासवण, २६ ऑक्टोबर

नवशादादास,

तुमचं पत्र मी अर्चनाला मोठ्याने वाचायला दिलं. तुमच्या लाल जिभेच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. मग म्हणाली, आई, तुमी माझ्याजवळ बसा. टिंब कुठे द्यायचं ते तिने दाखवलं. चार दिवस नातवाच्या पाटीवर गिरवते आहे.

डबा ठेवा, चिठ्ठीही लावा. त्यावरचं नाव आता माझं नाही.

भाऊबीजेला येऊ नका. भाकरी होतील, तुमच्यासाठी नाही.

लोभ नसावा.
सुगंधा