ओट्यावरची भेग

४ फेब्रुवारी
भेग! स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. बायको म्हणाली, "दिवसभर लोकांच्या भिंती तपासता, आता घरची तपासा." भिंगातून पाहिली. थोरल्या फांदीला धाकट्या फांद्या, त्यांना आणखी धाकट्या – आणि प्रत्येक पोर हुबेहूब आईवर गेलेलं! वीस वर्षं इमारत-तपासणी खात्यात भेगांची रुंदी लिहीत आलो. एकाही भेगेकडे नीट पाहिलं नाही. लाज वाटली.

५ फेब्रुवारी
कोबीचं पान भिंतीला लावलं. शिरा तशाच! मग सासूबाईंचं मनगट लावलं. तसंच! त्या म्हणाल्या, "जावईबापू, आधी हात सोडा, मग डॉक्टरकडे जा."

९ फेब्रुवारी
बायकोने भेग बुजवायला गवंडी बोलावला. त्याने थापी उचलली, भिंतीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसला. "साहेब, हिच्यावर गिलावा मारायचा म्हणजे पाप आहे हो." चहा पिऊन गेला. बायकोने दोघांवरही यथेच्छ तोंडसुख घेतलं.

१० फेब्रुवारी
बायकोचा अबोला. भेग सुंदर.

१२ फेब्रुवारी
एक खोट सापडली. प्रत्येक फांदीला तिसऱ्या वळणावर डावा फाटा आहे. खिडकीजवळच्या फांदीला नाही. पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
बायको भाजी आणायला गेली तेवढ्यात कर्कटकाने फाटा कोरला. चार बोटं लांब, नखाएवढा खोल. आता पूर्ण झाली! किती आनंद झाला म्हणून सांगू.

१७ फेब्रुवारी
बायकोने माझ्याच खात्यात तक्रार केली!! तपासायला ओळंबा आला – माझा सहकारी; भिंती सरळ आहेत का ते दोरी सोडून बघतो म्हणून हे टोपणनाव, स्वतः कायम वाकडा उभा राहतो. आमचा नियम जुना आहे: भेगेत नाणं घालायचं, अर्धं आत गेलं की इमारत रिकामी. त्याने सगळीकडे घालून पाहिलं. कुठेच जाईना. आणि माझ्या फाट्यात – बरोबर अर्धं! "माफ कर रे, नियम म्हणजे नियम."
मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा.

१८ फेब्रुवारी
आठ बिऱ्हाडं रस्त्यावर. वरच्या शिंपीणबाई शिलाई मशीनला टेकून रडत होत्या. सासूबाई गाठोड्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घर परत मिळेल ना हो?" मला मान वर करवेना.
बोलावं तर नोकरी जाते. न बोलावं तर आठ घरांचे तळतळाट.

१९ फेब्रुवारी
सांगून टाकलं. साहेबांना, सगळ्यांदेखत. ओळंबा हसून हसून सरळ झाला! साहेब हसले नाहीत. "उद्या तिथला गिलावा काढा. आत काही नसेल तर बिऱ्हाडं आपापल्या घरी, आणि तुम्ही कायमचे तुमच्या."
बायकोला सांगितलं. तिने माझी कचेरीची पिशवी उपडी करून त्यात कांदे भरले. तेच जास्त लागलं.

२० फेब्रुवारी
गवंड्याने गिलावा काढला. खाली विटांत तोच फाटा. तिसऱ्या वळणावर, डावीकडे. गवंड्याचा पंजा मनगटापर्यंत आत गेला.
बायकोने माझी बाही धरून मला जिन्यावरून ओढत खाली नेलं. मी मागे वळून वळून पाहत होतो.