एकच हरकत

१२ ऑगस्ट २०१४, मंगळवार

पाओचा फोन. नेहमीसारखी आधी सगळ्यांची विचारपूस, एकेकाची, हजेरी घ्यावी तशी. एमिलचा श्वास कसा आहे? — तसाच, ऑक्सिजनचं यंत्र चालू असलं की बरा, नळी काढली की वाक्याच्या मध्येच थांबतो. माझा गुडघा? — पाऊस यायच्या आधी सांगतो, रेडिओपेक्षा खरं. कोंबड्या? — पाच उरल्या, कोल्ह्याची कृपा. म्हातारा कुत्रा? — ठार बहिरा, पण फ्रीजचं दार उघडलेलं बरोबर ऐकू येतं. मग म्हणाला, आणि सात नंबरची बाई?

सात नंबर म्हणजे आमच्या गोठ्यामागची तपासणीची विहीर. विहीर कसली, मनगटाएवढा पाइप आणि वर कुलूपबंद टोपी. तिचं पाणी पाओ दरवर्षी बाटलीत भरून शिकागोला सरकारी तपासणीला नेतो. मी म्हटलं, तिची तब्येत तू मला सांगायचीस, मी तुला नाही. तर म्हणाला, सांगतो. सलग आठवं वर्ष निर्मळ. अर्डिस, आम्ही खड्ड्याचं नाव यादीतून काढतोय.

मी लाटणं खाली ठेवलं. पिठाच्या हातानेच खुर्ची ओढली. तीस वर्षं!

१४ ऑगस्ट, गुरुवार

साप्ताहिकात नोटीस आली. वर जुना ट्रॅक्टर विकणे आहे, खाली चर्चचं कोंबडीचं जेवण, मध्ये आमचा खड्डा. तीस वर्षांची गोष्ट चार बोटं जागेत.

एमिलला मोठ्याने वाचून दाखवली. देशातल्या सर्वात धोकादायक, आधी साफ करायच्या जागांची जी सरकारी यादी आहे, तिच्यातून आमच्या गावाबाहेरच्या, कचऱ्याने भरलेल्या जुन्या खडीच्या खाणीचं नाव काढण्याचा विचार आहे. घाण बाहेर काढली, उरलेल्यावर चिकणमातीचं आणि प्लास्टिकचं जाड पांघरूण घातलं, पाणी शुद्ध झालं. कुणाची हरकत असेल तर १३ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावी. हरकत नसेल तर नाव निघेल. एक जरी आली तरी तिचा निकाल लागेपर्यंत सगळं थांबेल.

एमिलने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "निघायचं तर नीट निघू दे."

बाकी कुणाला सांगत नाही, इथे लिहिते. मला हे सगळं माझ्या नवऱ्यासाठी, एमिलसाठी हवं आहे. त्याने बारा वर्षं रंगाच्या कारखान्याचा ट्रक चालवला. मंगळवारी आणि शुक्रवारी टाकाऊ रसायनांची पिंपं भरायची आणि खडीच्या खाणीत उतरवायची. तेव्हा ते नुसतं काम होतं. साहेब सांगायचे, कायदा नको म्हणत नव्हता. मग चौऱ्याऐंशी साली पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, आमची विहीर बंद केली, सहा वर्षं आम्ही बाहेरून आलेल्या कॅनचं पाणी प्यायलो. अख्खं गाव प्यायलं. आणि एमिलला कुणी एका शब्दाने बोललं नाही! आमची माणसंच तशी. मनात काही आलं की भांडं भरून गरम जेवण आणून देतात आणि हवापाण्याचं बोलतात. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. तो पत्ते खेळायला जायचाच थांबला.

आता डॉक्टर म्हणतात, पुढचा वसंत दिसला तर देवाची दया. त्याच्या आधी ते नाव निघालेलं त्याने बघावं. मला दुसरं काही मागायचं नाही.

१५ ऑगस्ट

नोटीस कापून फ्रीजवर चिकटवली. दुपारी बघते तर एमिल चष्मा लावून तिच्यासमोर उभा. नळी ताणलेली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लायब्ररीत गेले. खड्ड्याचे सगळे कागद तिथे मागच्या खोलीत असतात, कायदाच आहे तसा, कुणालाही वाचता यावेत म्हणून. एकेचाळीस जाड फाइली. ते "कुणालाही" म्हणजे मीच! लायब्ररीची कोरीन म्हणते, अर्डिस, तुझ्यासाठीच आम्ही ती खुर्ची ठेवली आहे, तिला तुझा आकार आलाय.

मी आठवीनंतर शाळेत गेले नाही. शाळेची बस मात्र एकतीस वर्षं चालवली. त्या फाइली वाचायला शब्दकोश घेऊन बसायचे. 'ट्रायक्लोरोएथिलीन', म्हणजे आमच्या पाण्यातलं विष, हा शब्द पाठ करायला आठवडा लागला. कणीक मळताना म्हणायचे, म्हणून कणीकही चांगली मळली जायची. पहिल्या सभेत मी तो शब्द उच्चारला तेव्हा सरकारी माणसांनी माना वर केल्या. त्यांतला सर्वात लहान पाओ. सभा संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला तो शब्द अजून नीट म्हणता येत नाही."

त्या दिवसापासून तो आमचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कितीतरी महिन्यांनी एमिल गावाच्या शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला आला. छोटी टाकी खांद्याला लावून. माणसं उठून उठून येत होती. पाओच्या आईने पाठवलेल्या मिरचीच्या ठेच्याची बाटली आम्ही बरोबर नेली होती, कारण इथल्या माशाला चव म्हणून नसते. शेजारच्या टेबलावरच्यांनी चाखला आणि पाण्याला धावले. एमिल किती दिवसांनी हसला!

मग गावप्रमुख गॉर्डी आला. काखेत नकाशा. बशा बाजूला सारून पसरला. नाव यादीतून निघालं की टेकडीभोवती पायवाट करायची, बाकं, पोरांना बर्फात घसरायला उतार. (टेकडी म्हणजे खड्डाच. आता हिरवीगार टेकडी झाली आहे, तरी आम्ही खड्डाच म्हणतो.) एमिलला म्हणाला, "पहिला मान तुझा, म्हाताऱ्या. चाकाच्या खुर्चीतून नेतो. ब्रेक लागत नाहीत, पण उतारावर त्यांचं काय काम?"

एमिलने विचारलं, पायवाट सुरू कुठून होणार. गॉर्डीने बोट ठेवलं: मागच्या बाजूने, कुंपणाबाहेरच्या बीच जातीच्या झाडांतून, घळीच्या कडेने. तिथे सावली आहे.

एमिलने अर्धा मासा तसाच टाकला. थकला असणार. लवकर घरी आलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पाओला पत्र लिहिलं. फोनवर आभार मानणं म्हणजे उभ्याउभ्या जेवणं. इथे उतरवून ठेवते, कारण बरं जमलंय.

"प्रिय पाओ, तू पहिल्यांदा आलास तेव्हा तुझे केस काळे होते आणि बूट नवे. दोन्ही आमच्या गावाने घेतले. एमिलने तुझी गाडी चिखलातून ट्रॅक्टरने ओढून काढली होती, आठवतं? तू आम्हाला कधी खोटा धीर दिला नाहीस. 'ठाऊक नाही' म्हणायचास आणि पुढच्या खेपेला ठाऊक करून यायचास. अशी माणसं मी बोटांवर मोजेन, एका हाताच्या. आता नाव काढताय. माझी एकच हरकत आहे: यापुढे दर पाच वर्षांनी दुसराच कुणी तपासायला येणार म्हणे, मग माझा अॅपल पाय कोण खाणार? ही हरकत गंभीरपणे नोंदवून घ्यावी. तुझी अर्डिस."

पत्ता नोटिशीत छापलेलाच घातला. सरकारी पत्ता, पोचेल नक्की.

३ सप्टेंबर

एमिल रोज सकाळी विचारतो, किती दिवस उरले. आज दहा. लहान मूल नाताळचे दिवस मोजतं तसं चाललंय! मला इतकं बरं वाटतं.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर म्हणाला, टेकडीकडे घे. गाडी कुंपणाशी लावली. त्याला पुढून नको, मागून बघायचं होतं. अर्धा तास बसलो. मी पिवळ्या फुलांबद्दल बडबडत होते. तो मध्येच म्हणाला, बर्फ वितळायच्या दिवसांत इथे ट्रक वर चढायचा नाही. मी म्हटलं, आता चांगला डांबरी रस्ता आहे की. "हो," म्हणाला, "आता आहे."

त्याचा हात थंड होता. मी माझे हातमोजे दिले. गुलाबी. निमूट घातले.

१३ सप्टेंबर, शनिवार

मुदत संपली. कुणाची हरकत ऐकिवात नाही. नाव निघाल्याच्या आनंदात सत्तावीस तारखेला ठेवलेल्या गावजेवणासाठी गॉर्डीने दोनशे सॉसेजेस सांगून ठेवले. मी अॅपल पाय भाजला, पहिल्या सफरचंदांचा. एमिलने दोन घास खाल्ले. "छान झालाय," म्हणाला, आणि मग उगाचच, "अर्डिस, तू फार चांगली आहेस." पंचावन्न वर्षांत हे असं, विनाकारण, पहिल्यांदा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाओचा फोन. आज त्याने कोंबड्यांचं विचारलं नाही.

हरकत आली आहे. नाव काढणं थांबलं. कधीपर्यंत? ठाऊक नाही. कुणाची? फोनवर सांगायची परवानगी नाही. प्रत शुक्रवारी लायब्ररीच्या फाइलीत लागेल. मी विचारलं, माझं पत्र मिळालं का तुला? म्हणाला, कुठलं पत्र? त्या पत्त्यावरचं टपाल आधी दुसरीकडे उघडतात, वाचतात, हरकती वेगळ्या काढतात. त्याच्यापर्यंत या वेळी एकच आलं आहे.

मी फोन ठेवला. हरकत! दोनदा लिहिलाय मी तो शब्द. वर 'गंभीरपणे नोंदवून घ्यावी'! अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो हा. एकेचाळीस फाइली वाचल्या आणि एवढं कळलं नाही, की सरकारच्या दारात थट्टा चपला काढून बाहेर ठेवायची असते.

१७ सप्टेंबर, बुधवार

पाओच्या नावाने दुसरं पत्र टाकलं: माझी हरकत ही हरकत नव्हे, कृपा करून फाडून टाका.

गॉर्डीचा फोन आला. कोण हे गाढव, त्याला दोनशे सॉसेजेस एकट्याला खायला घालतो, म्हणाला. मी म्हटलं, कोण असेल बाई! अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले आणि धडधडीत खोटं बोलले.

एमिलला सांगितलेलं नाही. कसं सांगू? त्याच्या हातात मोजके महिने, आणि त्यांतले काही मी थट्टेत घालवले. संध्याकाळी त्याने विचारलं, पाओकडून काही कळलं का. मी नाही म्हटलं. तो काहीतरी बोलणार होता, पण खोकला आला, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. उद्याही असंच करीन. परवा लायब्ररीतून ती प्रत आणेन आणि तीच त्याच्यापुढे ठेवेन. तोंडाने जमणार नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

माझं पत्र 'आभार' या कप्प्यात लागलंय. हरकतींच्या कप्प्यात एकच कागद. अक्षर एमिलचं.

"१९७३ आणि ७४. बर्फ वितळताना ट्रक वर चढत नसे. तेव्हा एकोणीस पिंपं मी मागच्या घळीत उतरवली आणि माती ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. तिथे तुम्ही कधी खणलं नाही, कारण मी कधी बोललो नाही. माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नाही. — एमिल झास्ट्रो."

घरी आले. तो खिडकीशी. माझ्या हातातला कागद बघून त्याने नळी सारखी केली.

"पोरं तिथूनच चालणार होती, अर्डिस."

मी शेजारी बसले. मग हे लिहायला घेतलं, उद्या सकाळच्या टपालाने जाईल:

पाओ, जागा तो स्वतः दाखवील म्हणतो. मी गाडी चालवीन. जमीन गोठायच्या आत ये, त्याच्याकडे श्वास फार उरलेला नाही. कधी येतोस ते लगेच लिही.