बेटावरच्या हुळीचं मीठ

आत्या, सामान सगळं वेळेवर पोचलं. सोना मसुरीचं पंचवीस किलोचं पोतं हजार रुपयांना. तूरडाळ सहा किलो. तिचा भाव सांगत नाही, तुम्हाला घेरी येईल. अवरेच्या शेंगा चाळीसने सांगत होता, मी छत्तीसने आणल्या. नारळ पंधरा, त्यातला एक नासका निघाला, तो परत पाठवून बदलून घेतला. नंजनगूडची रसबाळे केळी फक्त दोन डझन, कारण ती आता जपून खायची वस्तू झाली आहे. टेंपोवाल्याने म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यापासून श्रीरंगपट्टणाच्या बेटापर्यंत नऊशे घेतले. एवढ्याशा वाटेला! तुम्ही असता तर त्याला तिथेच उभा करून विचारलं असतंत, "काय रे, गाडी पुलावरून नेलीस की कावेरी उचलून इकडे आणलीस?"

तर आम्ही बेटावर जाऊन आलो. त्याच घरात. रेशमाच्या व्यापाऱ्याने नदीच्या काठाला बांधलेलं ते लांबलचक घर, बारा खोल्या, मधे पन्नास पानं मांडता येतील असा हॉल, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. भाड्याने घ्यायचं, माणसं आपली, शिधा आपला, रांधायचं आपण, आणि जाताना भांडी लख्ख घासून ठेवायची. ते सगळं अजून तसंच आहे. फक्त व्यापाऱ्याच्या नातवाने दगडी चुली काढून गॅसच्या शेगड्या बसवल्या आहेत आणि बाहेर इंग्रजी पाटी लावली आहे. पितळेची मोठी पातेली मात्र तीच. एकाच्या काठाला मामांनी काठी आपटून पाडलेला पोचा होता ना, तो मी हात लावून पाहिला.

मी लग्न होऊन आले तेव्हा नवं मोठं म्हैसूर राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आपली रंगाची भट्टी जोरात चालली होती, आणि घरात मॅट्रिक झालेली सून आली म्हणून तुम्ही आणि मामा, सासूसासरे दोघंही शेजारपाजारी सांगत होतात. मला मात्र त्या मॅट्रिकचा उपयोग एकच झाला: तुमची पत्रं लिहायची. तुम्ही जात्यापाशी बसून सांगायच्या आणि मी लिहायची. आज पहिल्यांदाच तुम्ही सांगत नाही आणि मी लिहिते आहे, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल.

पहिल्या वर्षी रथसप्तमीला तुम्ही मला बेटावर नेलंत. चाळीसेक माणसं होतो. रंगनाथाचा रथ पाहायचा, तीन दिवस राहायचं. पुरुष पोहत होते, पत्ते खेळत होते, आणि आपण सगळ्या बायका त्या धुरात. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डोळे पुसत पुसत मागच्या दाराशी आलात, आणि मी पाहते आहे, तुम्ही एकदम थांबलात. पाण्यावर ऊन पडलंय, बगळे उभे आहेत. तुम्ही म्हणालात, "अय्यो, नदी इथे आहे होय गं?" तीन दिवस पाठीमागे नदी वाहत होती आणि तुम्हाला दिसली नव्हती. मग तुम्ही हातातला डाव घेऊन सरळ हॉलमध्ये गेलात. मामा पत्ते पिसत होते. त्यांच्या मांडीवर डाव ठेवलात.

"हे काय?" मामा म्हणाले.

"डाव. वर्षभर भट्टीवर काठ्या फिरवता, आज पातेल्यात फिरवा."

"आणि तुम्ही काय करणार?"

"सुम्ने बसणार," तुम्ही म्हणालात. नुसत्या बसणार! साठीला टेकलेल्या तुम्ही पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडलेत आणि आम्हा सगळ्यांना हाका मारल्यात. मी नवी नवरी, मला पाय किती वर घ्यायचे तेही कळेना. तेव्हापासून आपल्यात रीत पडली. बेटावर बायकांनी चुलीपाशी जायचं नाही.

त्या दिवशीची हुळी आठवते? म्हैसुरात वाढलेल्या माणसाला हुळी, म्हणजे वांगं घातलेली ती आंबट तूरडाळ, बिघडवता येत नाही असं मला वाटायचं. मामा आणि दोन्ही काका रंगारी. रंगाच्या हौदात मीठ एकदम टाकत नाहीत, तीनदा विभागून टाकतात, म्हणजे रंग कापडाला धरतो. त्यांचे हात त्याच सवयीचे. मामांनी टाकलं, मोठ्या काकांना वाटलं आता आपली पाळी, मग धाकट्यांना वाटलं आपली. आणि नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही हा आपल्या घरचा नियम, तो त्या दिवशीही मोडला नाही. तशीच ती हुळी देवापुढे गेली. पहिला घास घेतला आणि चाळीस हात तांब्याकडे गेले. मामा म्हणाले, "रंग पक्का बसलाय." तुम्ही तेवढ्याच शांतपणे म्हणालात, "आपलं राहू दे. रंगनाथ आडवा पडलेला देव, मीठ लागल्यावर पाण्याला उठायचं कुणी? बरं झालं त्याच्या चारी बाजूंनी कावेरी आहे." हसता हसता ठसका लागला सगळ्यांना, आणि संध्याकाळपर्यंत सगळे ताकावर होते.

पुढच्या वर्षापासून तुम्ही एक केलंत. पुरुषांचा स्वयंपाक होत आला की पायरीवरून उठून दाराशी जायच्या. "बघून येते गं, देवाचं आहे." पातेल्यापाशी जरा उभ्या राहायच्या, आमच्याकडे पाठ. मग सांगायच्या, "दोन तांबे पाणी घाला," नाहीतर "साकु, आता मीठ नको." तुमचं ते कानडी 'साकु', पुरे म्हणजे पुरे. आणि हुळी नेमकी उतरायची. मी विचारलं होतं, "आत्या, न चाखता कसं कळतं?" तुम्ही म्हणालात, "वासावरून." मी ते खरं मानलं. मला कधीच जमलं नाही, पण मी म्हटलं, माझी तेवढी पुण्याई नाही. तुम्ही गेल्यावर पातेलं तुमच्या मुलाने, आमच्या ह्यांनी घेतलं. त्यांचा हात तुमच्यासारखा होता, त्यामुळे मला वासाची गरज पडली नाही. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. या वेळी पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय गेलो.

आणि गेलो ते नेमकं तुमच्या पणतीच्या लग्नाचं बोलणं करायला. मुलगा पुण्याचा, इथे हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. दोघांनी एकमेकांना आधीच पाहिलंय, बोललेत, आपल्याला सांगितलं ते शेवटी. आईवडील पहिल्यांदाच येणार होते. तिचा बाप, माझा मुलगा, म्हणाला, मोठ्या हॉटेलात जेवण देऊ. ही म्हणाली, "नाही आज्जी, बेटावर. आपल्या घरचे पुरुष करतात ते त्याने आणि त्याच्या बाबांनी केलं तर मी हो म्हणेन. नाही तर उशिरा कळण्यापेक्षा आत्ताच कळू दे." मुलगी ऐकायची नाही, तुमच्यावर गेली आहे. पण मला झोप येईना. इतकं चांगलं स्थळ, आणि परक्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी डाव द्यायचा!

मुलाची आई आल्या आल्या पदर खोचून म्हणाली, "ओटा कुठे आहे हो? मी भाजी चिरते." पोरीने त्यांचा हात धरला. "काकू, नदीवर चला." त्यांना वाटलं पूजा असेल. पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावले, तरी त्या दर दोन मिनिटांनी मागे वळून पाहत होत्या. शेवटी मला हळूच म्हणाल्या, "अहो, आमच्या ह्यांना गॅससुद्धा पेटवता येत नाही."

आत मुलाचे वडील माझ्या मुलाला तेच सांगत होते. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. "मला चहासुद्धा येत नाही हो."

"चांगलं आहे, चहा करायचाच नाहीये," आपला मुलगा म्हणाला. "शेंगा सोला."

अवरे, म्हणजे त्यांच्याकडचा पावटा, भिजवून साल दाबून दाणा काढायचा असतो, ते त्यांना कुठे ठाऊक. पहिला दाणा सुळकन उडाला तो थेट त्यांच्या मुलाच्या कपाळावर. त्याने दुसरा परत मारला. नंतर आतून जो आरडाओरडा ऐकू येऊ लागला, त्याने मुलाची आई उठून उभीच राहिली. दारातून डोकावून परत आली ती तोंडावर पदर धरून. "तीस वर्षं संसार केला," म्हणाली, "पण हा माणूस मी आज पाहतेय." आणि आपणहून पाय पाण्यात सोडून बसली. मी मनात रंगनाथाला हात जोडले.

तेवढ्यात आतून आपल्या मुलाचा आवाज: "मीठ पडलं का?"

एक म्हणाला "पडलं," दुसरा म्हणाला "पडलं," आणि बँकवाले मोठ्याने, "मीठ ना? हो हो, तेवढं मला येतं, घातलं मी!"

आत्या, माझे पाय पाण्यात गार झाले. मी म्हटलं, बघून येते गं, देवाचं आहे. तुमचंच वाक्य तोंडून आलं. पातेल्यापाशी उभी राहिले, सगळ्यांकडे पाठ. वाकून वास घेतला. हिंगाचा आला, अवरेचा आला, कढीपत्त्याचा आला. मिठाचा कुठून येणार? परत घेतला. देवाचं नाव घेऊन घेतला. काही नाही. बाहेर ती बाई पहिल्यांदा निवांत बसली होती, आपली पोर माझ्या पाठीकडे बघत होती, आणि हॉलमध्ये पानं मांडून झाली होती.

मग मी सांगितलं, दोन नारळांचं दूध काढा, चार तांबे पाणी, डाळ शिजलेली उरली आहे ती सगळी घाला, चिंच थोडी. उकळी आली, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. अवरेची हुळी अशी झाली होती की बँकवाल्यांनी तीनदा मागितली आणि प्रत्येक वेळी सांगितलं, यातले दाणे मी सोललेत.

"आज्जी, न चाखता कसं कळलं?" पोरीने विचारलं.

"वासावरून," मी म्हटलं.

तेव्हा तो मुलगा वाढता वाढता थांबला. हातात पळी, कानापर्यंत लाल. म्हणाला, "आज्जी, दुसरं मीठ मी घातलं. कुणी आधी घातलंय का, ते विचारलं नाही. सॉरी." भर पंगतीत, सगळ्यांसमोर. त्याचे वडील म्हणाले, "मग तिसरं माझं!" आणि हशा पिकला. आपली पोर हसली नाही. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, आणि मला कळलं, ठरलं. जेवणं झाल्यावर मामांच्या पोच्याचं ते पातेलं दोघं मिळून नदीवर घासत होती. मी त्यांना सांगितलं, पोचा घासून जात नाही, त्याचा नाद सोडा. वैशाखातला मुहूर्त निघाला आहे.

सगळं चांगलं झालं. पण त्या मुलाचा लाल चेहरा मला घरी आल्यापासून दिसतो आहे. त्याने एवढ्या माणसांत सांगून टाकलं, आणि मी मात्र "वासावरून" म्हणून मोकळी झाले. म्हणून तुम्हाला तरी सांगते. मी तळहातावर थेंब घेऊन चाखली, आत्या. नैवेद्याच्या आधी. या घरात आले त्यानंतर पहिल्यांदा. हात धुतला, देवाला मनात सांगितलं, आणि देवही फारसा रागावला असेल असं वाटत नाही. निदान या वेळी त्याला तहान लागली नाही.

एकच विचारायचं आहे. पातेल्यापाशी तुम्हीही आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, आणि पायरीवर परत येताना उजवा हात नेहमी ओला असायचा. तो मला तेव्हाही दिसायचा. तुम्ही मंडीतल्या दुकानदाराला लिहा की काशीच्या बहिणीला, शेवटची ओळ एकच सांगायच्या, ती आज तुम्हालाच लिहिते. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवते. पण खरं काय ते उलट टपाली कळवा.