नऊ थेंब

प्रिय साहेब,

हो, तुलाच म्हणते आहे. सगळी साइट तुला साहेब म्हणते, मग तुला जन्म देणारीनेच काय घोडं मारलंय? हे अक्षर माझं नाही हे सांगायला नको, माझं अक्षर म्हणजे अंगठा. लिहितायत त्या खालच्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाई. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, त्यामुळे त्यांना पत्राच्या सुरुवातीला 'विनंती विशेष' घालायची फार हौस. मी म्हटलं, विनंती मुळीच नाही, मी बोलते तसं लिहा. तुझ्या लेकीकडून मुद्दामच लिहून घेतलं नाही. नाहीतर तू म्हणाला असतास, भिंगरीनेच आईच्या तोंडात शब्द घातले. तिने माझ्या तोंडात काय घातलं यावरूनच तर एवढं रामायण चाललंय.

तिची तब्येत विचारली नाहीस, तरी सांगते. अकरा दिवस घरात बसली आहे. हॉस्पिटलने तिला औषधाच्या खिडकीवरून उठवलं, चौकशी होईपर्यंत यायचं नाही म्हणून. तुझ्या तक्रारीत लिहिलंय म्हणे, की फार्मासिस्ट असून हिने स्वतःच्या आजीला तेलाचं चुकीचं माप दिलं. मंगळवारी चौकशी. ती उलटली तर पोरीचा परवाना जाईल, आणि तिला दुसरं काही येत नाही. साधा भातही येत नाही. मी इथे तिच्या खोलीवर राहायला आल्यापासून स्टुलावर बसून तिला शिकवते आहे, आणि आम्ही दोघी रोज करपलेलं खातो.

मोठ्या आजाराच्या औषधाने माझी गाठ गेली, पण जाताना पायांत आग ठेवून गेली, हे तू पाहिलंस. पायांवर चादरसुद्धा सहन होत नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी ते गांजाचं तेल लिहून दिलं, शिक्क्याच्या कागदावर, आणि तू तो कागद असा धरलास की जणू मेलेला उंदीर. म्हणालास, आपल्या घरात हे चालणार नाही. भिंगरीने समजावलं, तिच्या त्या शब्दासकट, जो आगगाडीएवढा लांब आहे आणि मला अजून म्हणता येत नाही. तू पेपर वाचत बसलास. मी मात्र ऐकलं. मला वाचता येत नाही ना, म्हणून मी ऐकते.

ती म्हणाली, आजी, आपलं शरीर स्वतःच गांजासारखं काहीतरी तयार करतं. मी म्हटलं, हळू बोल, भिंतीला कान असतात. तर म्हणे, एक नस पुढच्या नसेला निरोप देते, दुखतंय, दुखतंय. निरोप फार झाले की पुढची नस आपल्याच चरबीतून तिथल्या तिथे एक कण बनवते आणि तो उलटा मागे पाठवते, की बाई, पुरे, जरा दमानं. निरोप पोचला की तो कण लगेच मोडूनही टाकायचा. साठवणूक नाही. मी म्हटलं, एवढंच? हे तर मी वीस वर्षं केलं.

तू इंजिनिअर आहेस, तुला स्लॅबचा दिवस सांगायला नको. आता तुमच्याकडे पंप आलेत, पण आमच्या वेळी घमेलं खालून वर जायचं, हातातून हातात, आणि 'पुरे' मात्र वरून खाली यायचं. सगळ्यात वर मी. पुढे माल साचला की मी माझ्या खालच्या बाईला सांगायची, ती तिच्या खालच्या बाईला, आणि हात मंदावायचे. मुकादम बोंबलायचा, पण रांग वरच्या बाईचं ऐकायची. वरची बाई थकली, तिचा आवाजच फुटेना, तर घमेली येतच राहणार आणि ती त्याखाली गाडली जाणार. माझ्या पायांचं तेच झालंय. मग तेल काय करतं? रस्त्यावर एक परका माणूस भोंगा घेऊन उभा राहतो आणि हुबेहूब वरच्या बाईच्या आवाजात ओरडतो, पुरे! रांग थांबते. पण भोंगा तो, सगळ्या मजल्यांवर ऐकू जातो. दुखण्याचा मजला थांबतो, तसा आठवणीचाही थांबतो, तोल सांभाळणाराही. शिवाय घरच्या बाईसारखा हा एकदा सांगून गप्प बसत नाही, तासन्‌तास ओरडतो. आणि रोज फार ओरडला तर बायका त्याला जुमानेनाशा होतात, उद्या आणखी मोठा भोंगा लागतो. भिंगरी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आजी, हेच आम्हाला सरांनी आठवडाभर शिकवलं होतं. मग तेलाची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, म्हणून तीन थेंब, आजी. रात्री जेवण झाल्यावर, दिवसातून एकदा. तीन बोटं दाखवून तिने माझ्याकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं. पोटातून चढायला दीड-दोन तास लागतात, तोवर वाट बघायची, हेही म्हणवून घेतलं.

आता तुझ्या इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशीचं. तू म्हणालास, आई, तू दमशील, घरीच थांब. मी दमणार नव्हते, मी आडवी येणार होते, ते मला कळलं. पण चार मजले माझ्या मुलाने उभे केले आणि मी ते खिडकीतून बघायचे? दुपारी बूट पायात चढवायला गेले तर पाय पेटलेले. तीन थेंब घेतले. थोडा वेळ बसले, काही नाही. आणखी तीन. तुझा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. आणखी तीन. आयुष्यभर माल पातळ दिसला की वरून सिमेंट टाकायची सवय. पण सिमेंटसुद्धा टाकल्या टाकल्या धरत नाही, हे मला कळायला हवं होतं. मलाच. दुसऱ्या कुणाला नाही.

पुढचं तुझ्या पाहुण्यांनी पाहिलं. मी खुर्चीवर बसून हसत होते म्हणे. मालकाच्या बायकोला मी विचारलं, माझं घमेलं कुठे ठेवलंस गं? तिला सांगितलं की साहेब लहानपणी वाळूच्या ढिगावर झोपायचा आणि मी त्याच्यावर गोणपाट घालायची. हे मला आठवत नाही, पण खोटंही नाही. मग उठायला गेले, आणि कपाळाला तीन टाके. तुझा चेहरा मात्र आठवतो. पडल्यावर तू धावलास, पण घमेल्याचं ऐकल्यावर तुझा चेहरा पडला होता, तो आधीच.

तुला लाज वाटली याचा मला राग नाही. लाज मलाही वाटायची, तुझ्या शाळेच्या फाटकाशी सिमेंटचे हात पदरात लपवून उभी राहायची मी. पण मी माझे हात लपवले, दुसऱ्याचे कापले नाहीत. गांजा चांगला की वाईट हे मी सांगत नाही. डॉक्टरांना विचारून मी तेल पुन्हा सुरू केलंय, तीन थेंब, आणि पायांवर चादर घेऊन झोपते. तुझ्या घरात चालत नाही ना, मग मी तुझ्या घरात राहत नाही. इथे खोली एकच आहे, नळाला पाणी करंगळीएवढं येतं, पण मला कुणी धाकट्या पोरासारखं दडपत नाही.

आज सकाळी टायपिस्ट बाईंना घेऊन हॉस्पिटलात गेले. चौकशीच्या बाईंसमोर बसून सांगितलं की तीनाचे नऊ मीच केले, नातीने बजावलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी वाचून दाखवलं, मी अंगठा दिला. एक गोष्ट मात्र तिथे सांगितली नाही. टाके घालत होते तेव्हा माझा हात तुझ्या हातात होता, आणि मी तुला सगळं सांगितलं होतं, नऊ थेंब मी घेतले, पोरीला बोलू नकोस. तू दाराकडे बघितलंस आणि म्हणालास, "आई, हे पुन्हा कुणाला बोलू नकोस." मला वाटलं, मला सांभाळतोयस. म्हणून मीही इतके दिवस तोंड शिवून बसले, त्याचं पाप माझं. आणि टाके पडल्यावर दोनच दिवसांनी तू तक्रार दिलीस. आईने गांजा जास्त घेतला म्हणण्यापेक्षा लेकीने माप चुकवलं म्हणणं तुला सोपं गेलं. भिंगरीला हे अजून ठाऊक नाही. तिला वाटतं, बाबांचा गैरसमज झाला. मंगळवारी तुला विचारतील, हे तुम्हाला कधी कळलं? ती समोरच्याच खुर्चीवर असेल, आणि तिच्या शेजारी मी. त्याचं उत्तर मी देणार नाही, साहेब, ते तू द्यायचं. खरं बोललास तर त्याच दारातून मी तुझा हात धरून बाहेर येईन, कोण काय बघतंय ते बघू. खोटं बोललास तर मी उठून उभी राहीन. माझे पाय आता मला उभं राहू देतात.

तुझीच, आणि त्या दिवशी तिचीही,
आई