खातं उघडायचं की नाही

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे आपापल्या मर्जीने चालतात. तू कशी आहेस हे विचारायची रीत आहे, ती पुढे पाळेन.

पत्र बघून दचकू नकोस. दोन वर्षांनी लिहितेय ती तक्रार करायला. महिनाभर घरात एकच धोशा चालला आहे : आईंनी आता नुसत्या ब्लॉगवर थांबू नये, सोशल मीडियावर खातं उघडावं. चिरंजीवांनी माझ्या ब्लॉगची एक ओळ कधी वाचलेली नाही. मी टेलिफोन एक्सचेंजच्या आठवणी आणि लोकांच्या उद्धटपणावर लिहिते, हेही त्याला बहुधा ऐकूनच माहीत. आणि आता म्हणतो, तुझं लिखाण जगापर्यंत पोचायला हवं. जगाचा एवढा पुळका त्याला कधीपासून? मला तिथेच संशय आला.

तरी मी त्या खात्याच्या अटी वाचायला घेतल्या. सूनबाई म्हणाल्या, त्या कुणीच वाचत नाही. म्हणूनच मी भिंग घेऊन बसले. त्यांना माझा नंबर हवा, जन्मतारीख हवी, माझ्या फोनमधली सगळी माणसं हवीत, दूधवाल्यासकट. मी विचारलं, माझ्यासाठी स्थळ बघताहेत का? नोकरीभर एक्सचेंजच्या बोर्डावर बसून मी लोकांची बोलणी जोडून दिली. आमचा नियम एकच, लाइन लागली की आपला कान काढून घ्यायचा. हे लोक लाइन फुकट जोडून देतात, ते आपला कान तिथेच ठेवता यावा म्हणून.

मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सूनबाई आपला फोन घेऊन हजर. नुसतं नाव घालून बघू या, म्हणे. आणि सहज विचारून बसल्या, "खरं नाव घालू, की 'मदर सुपिरिअर'?"

आता हे मठातल्या मुख्य ननबाईंचं नाव मला शाळेत तू ठेवलंस, माझ्या चालण्याची नक्कल करून. तुझ्याशिवाय त्या नावाने मला हाक मारायची कुणाची छाती झाली नाही, आणि सूनबाईंसमोर तर तू ते कधी उच्चारलंही नाहीस. मी चष्मा काढून त्यांची उलटतपासणी घेतली. हातातला चहा निवायच्या आत बाहेर आलं, ही सगळी शिकवणी तुझी.

म्हणजे तू! आपल्या आईच्या शेवटच्या आजारपणावर मी ब्लॉगवर लिहिलं, तेव्हा घरातलं चव्हाट्यावर मांडलंस म्हणून बोलणं टाकलंस. आणि आता मी चव्हाट्यावरच बिऱ्हाड करावं म्हणून माझ्याच मुला-सुनेला फितवतेस? तो लेख मी काढलेला नाही, काढणारही नाही. आईचं आजारपण मी काढलं, त्यावर लिहायचा हक्क माझा आहे.

हे तुला तोंडावर सुनवायचं होतं, म्हणून मी फोनकडे हात नेला. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "मावशी बोलू शकत नाहीत, आई. घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेला. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. खात्यावर निदान टाइप करून बोलता येईल तुमच्याशी."

मी हात मागे घेतला.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. उन्हाळ्यात मी तुला फोन केला होता. तू उचललास. मी हॅलो म्हटलं, पलीकडून काही नाही. लाइन मेली आहे की माणूस गप्प आहे, हे मला झोपेतही कळतं. श्वास ऐकू येत होता, तुझाच. मला वाटलं, मुद्दाम बोलत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मी काय म्हणाले ते तू ऐकलं आहेस. "बस अशीच तोंड शिवून." आणि फोन आपटला.

तू तेव्हा बोलायचा प्रयत्न करत होतीस का? आणि सगळ्या जगात मलाच सांगायचं नव्हतं तुला? सूनबाईंना कळवायला बोटं चालतात, मला दोन ओळी टाकायला चालत नाहीत?

असो. खातं मी उघडणार नाही. सख्ख्या बहिणीला मैत्रीची विनंती पाठवायची, आणि तिने ती मान्य केली हे मला कुठल्या तरी कंपनीने कळवायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. आपल्या दोघींच्या मध्ये तिसरा कान नको.

रविवारी सकाळी मी फोन करेन. तू फक्त उचल. लाइन तपासताना आम्ही रिसीव्हरवर टिचकी मारायचो, तशी मार. होय असेल तर एक, नाही असेल तर दोन. बाकीचं बोलणं मी करेन, त्यात मला कधी अडचण आलेली नाही. पहिला प्रश्न, मी तिकडे राहायला येऊ का, हा असेल. दोन टिचक्या मारल्यास तर दुसरी मला ऐकू येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. या वयात कानांचा काय भरवसा.

तुझी, अजून रागातच असलेली,
ताई